जात नाकारलेल्या धर्मांतील सोयरीक

हुबळी-धारवाडच्या कानडीत मराठी कानाला चटकन ओळखू येणारा एक शब्द आहे : ‘पैकी’. नव्याने ओळख झालेल्या माणसाची जात आडवळणाने विचारायची असली, की ‘नीवु याव पैकी?’ असा प्रश्न येतो. तुम्ही कोणांपैकी, एवढाच त्याचा अर्थ. बसमध्ये किंवा भाड्याच्या घराच्या दारात हा प्रश्न अर्धवट विचारून सोडून देता येतो. सोयरीक जमवताना मात्र तो सोडता येत नाही. तिथे नेमके उत्तर लागते आणि ‘लिंगायत’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही. पंचमसाळी की बणजिग, जंगम की सादर, गाणिग की हडपद, हे सांगावे लागते. या भागातील वधू-वर मेळाव्यांच्या अर्जांत उंची, शिक्षण, पगार आणि शेती यांच्या जोडीला त्यासाठी रकाना असतो. कानडीत त्याला ‘ओळपंगड’, म्हणजे आतला गट, असे सोज्वळ नाव आहे.

ज्या धर्माच्या लोकांचा हा अर्ज आहे, त्याचा जन्मच मुळी हा प्रश्न पुसून टाकण्यासाठी झाला होता. अशाच दुसऱ्या एका धर्माच्या अर्जावरही हा रकाना सापडतो, तो पंजाबात. तेथील वर्तमानपत्रांच्या वैवाहिक जाहिरातींत शीख स्थळांची विभागणी जाट शीख, खत्री-अरोरा, रामगढिया, सैनी, लबाणा, रामदासिया, मजहबी अशा शीर्षकांखाली होत आली. संकेतस्थळे आली, तेव्हा या शीर्षकांची गाळणी झाली. एक कळ दाबली की बाकीचे शीख पडद्यावरून नाहीसे होतात.

गोव्याच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शीख विवाहांच्या नोंदणीविषयी जो आदेश दिला, त्यात गोव्यासाठी वेगळा परिच्छेद होता. त्याकडे पुढे येऊ. त्याआधी, जात अमान्य करणाऱ्या दोन धर्मांत लग्नाच्या बोलणीपुरती जात शिल्लक कशी राहिली, हे समजून घ्यावे लागेल. त्यासाठी पंजाबला जाण्यापूर्वी बीदर जिल्ह्यात थांबणे सोयीचे आहे, कारण दोन्ही कथांचे एकेक टोक तिथे आहे.

आजचे बसवकल्याण याच जिल्ह्यात येते. बाराव्या शतकात हे कलचुरी राजा बिज्जळाचे कल्याण होते आणि बसवण्णा त्याचे मंत्री. त्यांच्याभोवती जमलेल्या शरणांत धोबी होते, न्हावी होते, चर्मकार होते, ब्राह्मणही होते. गळ्यात इष्टलिंग आले की पूर्वीची जात संपली, ही त्यांची भूमिका. परंपरा सांगते, की मधुवरस या ब्राह्मण शरणाने आपली मुलगी हरळय्या या चर्मकार शरणाच्या मुलाला दिली. शरणांच्या दृष्टीने हा दोन लिंगायत घरांतला साधा विवाह होता. नगराच्या दृष्टीने तो प्रतिलोम विवाह होता. बिज्जळाने दोन्ही पित्यांना देहान्त शासन दिले. त्यानंतर कल्याणात रक्तपात झाला, बिज्जळाची हत्या झाली, शरण पांगले. धारवाडात शिकलेल्या गिरीश कार्नाडांनी ‘तलेदंड’ हे नाटक याच घटनाक्रमावर लिहिले.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की शरणांचे एकत्र बसणे, एकत्र जेवणे, एकत्र वचने रचणे हे सारे कल्याणने वर्षानुवर्षे सोसले. सोसले नाही ते फक्त लग्न.

पांगलेल्या शरणांपैकी चन्नबसवण्णा उळवीला आले. उळवी हे जोयडा तालुक्यातले, गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या अरण्यातले गाव. माघातल्या जत्रेला धारवाड-बेळगाव भागातून अजूनही बैलगाड्यांचे तांडे तिथे जातात. चन्नबसवण्णा हे बसवण्णांच्या भगिनी नागलांबिका यांचे पुत्र. त्यांचे वडील कोण, या प्रश्नाने धारवाडात एका विद्वानाची कसोटी पाहिली. कर्नाटक विद्यापीठातील कन्नडचे प्राध्यापक एम. एम. कलबुर्गी यांनी ‘मार्ग’ या आपल्या संशोधनपर लेखसंग्रहात असा निष्कर्ष सुचवला, की उपलब्ध साधने पाहता नागलांबिकेचा विवाह डोहर कक्कय्या या चर्मकार शरणाशी झाला असावा. महाराष्ट्रातील ढोर समाज ज्या कक्कय्यांना आपले संत मानतो, तेच हे. म्हणजे कलबुर्गींचा तर्क बसवण्णांच्या शिकवणुकीशी पूर्णपणे सुसंगत होता. बसवण्णांनी स्वतःच्या घरात ती आचरली, एवढेच तो सांगत होता. तरीही समाजात क्षोभ उसळला आणि १९८९ मध्ये त्यांना ते लेखन मागे घ्यावे लागले. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडातील कल्याणनगरमध्ये राहत्या घराच्या दारात त्यांची हत्या झाली, तिची कारणे वेगळी होती. परंतु आठशे वर्षांपूर्वीची एक सोयरीक, तीही शक्यता म्हणून मांडलेली, विसाव्या शतकाच्या अखेरीसही पचत नव्हती, हे १९८९ मध्येच दिसून आले होते.

आता दुसरे टोक. १६९९च्या वैशाखीला गुरू गोविंदसिंगांनी आनंदपूर येथे खालसाची स्थापना केली, तेव्हा मस्तक देण्यास पुढे आलेल्या पाच जणांत साहिबचंद नावाचे एक न्हावी होते. शीख परंपरा त्यांना बीदरचे मानते. उरलेल्या चौघांत दयाराम खत्री, धरमदास जाट, हिंमतराय पाणके आणि मोहकमचंद कापड छापणारे छिंबे. पाचांनी एकाच भांड्यातून अमृत घेतले, गुरूंनीही त्यांच्याकडून घेतले. आडनावाच्या जागी पुरुषांना ‘सिंग’ आणि स्त्रियांना ‘कौर’ ही नावे आली. आडनाव हे जातीचे दार असते. ते बंद करण्याची ही युक्ती. लंगरच्या पंगतीने एकत्र जेवणाचा प्रश्न आधीच सोडवला होता, गुरू ग्रंथसाहिबात नामदेव, कबीर आणि रविदास यांच्या वाणीला स्थान देऊन अध्यात्मातला अधिकाराचा प्रश्नही. राहिले होते लग्न. दहाही गुरू खत्री कुळात जन्मले आणि घराण्यांच्या सोयरिकी त्या काळच्या रीतीप्रमाणे खत्र्यांतच झाल्या, असे इतिहासकार दाखवून देतात. गुरूंना यासाठी दोष देण्याचे कारण नाही. पण कल्याणला जे लग्न झाले, त्याच्या तोडीचा प्रसंग शीख परंपरेच्या आरंभकथेत नाही, आणि या रिकाम्या जागेचा फायदा पुढे रूढीने घेतला.

विसाव्या शतकात ही जागा भरण्याचा प्रयत्न झाला. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ मध्ये अंतिम रूप दिलेल्या ‘सिख रहत मर्यादा’ या आचारसंहितेत, शीख स्त्री-पुरुषांनी जात आणि कुळ न पाहता विवाह करावा, असे स्पष्ट सांगितले आहे. मुहूर्त आणि पत्रिका तिने निषिद्ध ठरवल्या, पैशाच्या लोभाने होणारे विवाहही. पत्रिकेचे वेड तुलनेने खरोखरच आटोक्यात आले. जातीचे मात्र आले नाही.

शीख वैवाहिक जाहिरात वाचणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. प्रारंभी जात, मग उंची, आणि ती इंचापर्यंत काटेकोर, मग जमीन. ‘वीस किल्ले’ असे वाचून मराठी माणसाने शिवकाल आठवू नये, पंजाबात किल्ला म्हणजे साधारण एक एकर. त्यानंतर केसांविषयीची माहिती येते : मुलगा अमृतधारी आहे, पगडी बांधतो, की ‘क्लीन शेव्हन’. धर्मदृष्ट्या हा कळीचा मुद्दा असायला हवा. व्यवहारात पगडी न बांधणारा जाट हा पगडी बांधणाऱ्या रामगढियापेक्षा जाट घराला जवळचा वाटतो. आणि शेवटी, अनेकदा सर्वांहून वजनदार, परदेश : कॅनडाची ‘पीआर’, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा. गेल्या काही वर्षांत तर ‘आयलेट्स’ या इंग्रजीच्या परीक्षेत चांगले गुण मिळवणारी मुलगी पाहायची, तिच्या परदेशी शिक्षणाचा खर्च मुलाकडच्यांनी करायचा आणि तिच्या मागोमाग मुलाने जायचे, अशी लग्ने तिथे रूढ झाली. हुंड्याचा प्रवाह उलटा वाहू लागला. अशा व्यवहारात जातीची अटही कधी कधी सैल होते. जो मार्ग धर्मग्रंथाने दाखवला, तो व्हिसाने काही जणांना चालायला लावला, असे म्हणावे लागते.

या उतरंडीच्या माथ्यावर ब्राह्मण नाही, हे तिचे वैशिष्ट्य. वर्णव्यवस्थेच्या हिशेबात खत्री स्वतःला वरचे समजत. गावात मात्र जाट वरचढ, कारण जमीन त्यांची. १९००च्या पंजाब जमीन हस्तांतरण कायद्याने ‘शेतकरी जमाती’ कोणत्या, हे जातींच्या याद्या करून ठरवले आणि शेतजमीन त्यांच्याबाहेर जाण्यावर निर्बंध घातले. ज्यांची नावे यादीत नव्हती, त्या मजहबी-रामदासियांना पैसे असूनही जमीन घेणे अवघड झाले. सैन्यातही शीख रेजिमेंट जाटांची आणि शीख लाइट इन्फंट्री मजहबी-रामदासियांची, अशी भरती चालत आली. पुरोहित हटवला म्हणजे जात हटेल, ही समजूत आपल्याकडेही बऱ्याच सुधारकांची होती. पंजाबचा अनुभव सांगतो, की सातबारा आणि सोयरीक या दोन गोष्टी हाती असल्या, तर जातीला पुरोहिताची फारशी गरज लागत नाही.

खालच्या पायऱ्यांवर असलेल्यांनी याला दिलेली उत्तरे निरनिराळी आहेत. सुतार-लोहार समाजाने जस्सासिंग रामगढिया या अठराव्या शतकातील सरदाराचे नाव धारण केले, पूर्व आफ्रिकेतील रेल्वेच्या बांधकामावर नाव कमावले आणि पुढे ब्रिटनमध्ये स्वतःच्या नावाची गुरुद्वारे उभारली. छिंबा समाज ‘टोंक क्षत्रिय’ म्हणून जाहिराती देतो. हे लोक आपल्या नामदेवांना मानतात, ज्यांच्या पंजाबातील घुमान गावी २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरले होते. तिथे गेलेल्या किती मराठी साहित्यिकांना ठाऊक होते, की नामदेवांचे नाव घेणाऱ्या घरात जाट घराने मुलगी देणे ही अजूनही बातमी ठरते? रविदासियांची वाट आणखी वेगळी झाली. २००९ मध्ये व्हिएन्नातील त्यांच्या मंदिरात संत रामानंद यांची हत्या झाल्यानंतर, पुढच्याच वर्षी त्यांच्यातील एका मोठ्या गटाने आपला धर्मच स्वतंत्र असल्याचे घोषित केले.

आपल्या जवळचे उदाहरण नांदेडचे. तेथे, तसेच हैदराबाद आणि बीदर परिसरात, पिढ्यान्‌पिढ्या राहणारे दख्खनी शीख आहेत. त्यांतील अनेकांचे पूर्वज महाराजा रणजितसिंगांनी निजामाकडे पाठवलेल्या फौजेबरोबर आले. त्यांच्या सोयरिकी मुख्यत्वे आपसांतच होतात. पंजाबी पाहुण्याला ते पुरेसे पंजाबी वाटत नाहीत. जातीच्या रकान्याशेजारी इथे प्रांताचा रकाना वाढला.

हे सारे वाचून हुबळीच्या माणसाला परके काही वाटणार नाही. शीख परंपरेत बीदरचा न्हावी जसा पहिल्या पाचांत, तसे बसवण्णांच्या अगदी निकटचे सहकारी होते हडपद अप्पण्णा. लिंगायतांतील न्हावी समाज त्यांचे नाव लावतो. त्यांच्या प्रतिमेला सगळे पंगड हात जोडतात. हडपद घरातल्या अभियंता मुलाचे स्थळ पंचमसाळी घरात सुचवून पाहिले, म्हणजे मध्यस्थ विषय कसा बदलतो ते कळते. ‘जातीचे काही नाही हो, पण घरचे वातावरण जुळायला हवे’ हे वाक्य मराठी, कानडी आणि पंजाबी या तिन्ही भाषांत बहुधा एकाच सुरात बोलले जाते.

या दुजाभावाला अलीकडे राज्यव्यवस्थेनेही खतपाणी घातले आहे. कर्नाटकाच्या मागासवर्गीय यादीत लिंगायत ‘३ब’ गटात आहेत, काही पोटजाती अधिक सवलतींच्या ‘२अ’ गटात. पंचमसाळींना ‘२अ’ हवे, म्हणून २०२१ मध्ये कूडलसंगमहून बंगळुरूपर्यंत पदयात्रा निघाली. बसवण्णा जिथे ऐक्य पावले, त्या कूडलसंगमातच पंचमसाळींचे स्वतंत्र पीठ आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणाच्या तोंडावर हुबळीत वीरशैव-लिंगायत एकतेचा मोठा मेळावा झाला. धर्माच्या रकान्यात काय लिहायचे, यावर तिथे खल झाला. आतल्या गटाचा रकाना लग्नाच्या अर्जावरून काढावा, अशी मागणी कुठल्या व्यासपीठावरून जोराने झाल्याचे ऐकिवात नाही. आरक्षणाची गरज मी नाकारत नाही. मागे ठेवलेल्यांची मोजदाद केल्याशिवाय त्यांना पुढे आणता येत नाही. परंतु ज्या दाखल्यावर पोटजात लिहिली जाते, तो दाखला मुला-मुलींच्या भवितव्याचा आधार झाला, की त्या बाहेर लग्न करण्याची किंमत वाढते, हेही खरे.

किंमत कधी कधी पैशात मोजता येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हुबळी तालुक्यातील एका गावात, दलित तरुणाशी विवाह केलेल्या लिंगायत घरातील गरोदर मुलीची हत्या झाली. त्या आरोपाखाली तिच्या वडिलांना आणि नातेवाइकांना अटक झाली. कल्याणला राजाने दोन बापांना मारले होते. इथे आरोपी म्हणून बापच उभा आहे.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले आणि भाषणाचा मसुदा पाहून संमेलनच रद्द केले. त्या मसुद्यात आंबेडकरांनी सहभोजनाला दुय्यम ठरवून आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय सांगितला होता. त्याच सुमारास ते शीख धर्म स्वीकारण्याचा गंभीर विचार करीत होते, अमृतसरच्या शीख परिषदेलाही गेले होते. पुढे तो विचार मागे पडला. पंगत आणि सोयरीक यांत त्यांनी केलेला फरक पंजाब आणि उत्तर कर्नाटक या दोन्ही ठिकाणी आज जसाच्या तसा पाहायला मिळतो. २०११-१२च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे पाच टक्के आढळले होते.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्येच आंतरजातीय विवाहाला कायदेशीर मान्यता दिली. हिंदू, शीख, जैन आणि त्यांच्यातील जाती-पोटजाती यांच्यातला विवाह केवळ त्या कारणाने अवैध ठरणार नाही, हे देशपातळीवर १९४९च्या कायद्याने ठरले. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात वीरशैव, लिंगायत आणि शीख या तिघांचाही नावानिशी उल्लेख आहे. शिखांचा ‘आनंद कारज’ विधी १९०९च्या आनंद विवाह कायद्याने मान्य केला, नोंदणीची तरतूद मात्र २०१२च्या दुरुस्तीने आली आणि अनेक राज्यांनी त्यासाठी नियमच केले नाहीत.

गोव्याची गोष्ट याहून निराळी. येथे पोर्तुगीज काळातील नागरी कायद्यानुसार सर्वधर्मीयांचे विवाह नागरी निबंधकाकडे नोंदले जातात; हिंदू विवाह कायदा येथे लागू नाही आणि आनंद विवाह कायदाही मुक्तीनंतर येथे आणला गेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ४ सप्टेंबर २०२५च्या आदेशात इतर राज्यांना चार महिन्यांत नियम करण्यास सांगितले आणि गोव्यापुरता हा कायदा अधिसूचनेद्वारे विस्तारित करण्याचे निर्देश केंद्राला दिले. शीख पद्धतीने विधी झाला, की विवाह वैध, एवढेच तो कायदा पाहतो. विधीच्या आधीच्या चौकशा त्याच्या कक्षेबाहेरच्या.

त्या चौकशांचा गोव्याला सराव आहेच. चारशे वर्षांपूर्वी धर्म बदललेल्या घरांतही बामण, चार्दो आणि सुदीर हे शब्द लग्न ठरवताना कुजबुजत्या आवाजात येतात, हे इथे कोणाला नव्याने सांगायला नको. आणि आम्ही वर्तमानपत्रवाले यातून नामानिराळे राहू शकत नाही. वैवाहिक जाहिराती जातीनुसार लावण्याची सोय आम्हीच केली. वाचकाला शोधणे सोपे जाते, हे तिचे समर्थन.

त्या पानावर ‘जातीची अट नाही’ हे शब्द अजिबात दिसत नाहीत, असे नव्हे. ते दिसतात तेव्हा शेजारचा मजकूर वाचावा. बहुतेक वेळा स्थळ घटस्फोटिताचे असते, विधुराचे असते, किंवा चाळिशीकडे झुकलेल्या, गावाकडे शेती करणाऱ्या अविवाहित मुलाचे. हुबळी-धारवाडच्या आसपास अशा मुलांची संख्या मोठी आहे. नोकरी नसलेल्या शेतकऱ्याला मुलगी मिळत नाही, म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला होता. पंचविशीतल्या, चांगल्या पगाराच्या, पहिल्याच लग्नाच्या मुलाच्या जाहिरातीत तो रकाना अद्याप भरलेला असतो.